जांभळ्या डागाचे कार्ड : घरी साइट वर्ड्स शिकवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही नोंद माझ्या मुलीच्या इंग्रजी वाचनाविषयी आहे आणि ती एकूण २१ आठवड्यांची आहे. त्यांपैकी पहिले सात आठवडे मी चुकीच्या पद्धतीने शिकवत होतो. पुढचे चौदा आठवडे पद्धत बदलून शिकवले. प्रकरण सुरू झाले तेव्हा मुलीचे वय ६ वर्षे २ महिने होते. आमच्या घरात मराठी बोलली जाते. काना-मात्रांचे सोपे शब्द आणि छोटी वाक्ये ती मराठीत वाचू लागली होती. इंग्रजी मुळाक्षरे तिला येत होती, बहुतेक अक्षरांचे ध्वनीही माहीत होते, आणि तीन अक्षरी सोपा शब्द ती थांबत थांबत का होईना, जोडून वाचत असे. डोळ्यांची आणि कानांची तपासणी आधीच झालेली होती आणि त्यात काही दोष आढळला नव्हता.

शाळेतून चाळीस साइट वर्ड्सची यादी आली. हे शब्द मुलांना ‘पाहताक्षणी’ ओळखता आले पाहिजेत, घरी रोज सराव घ्यावा, एवढीच सूचना सोबत होती. अशा याद्यांमागे मोठी परंपरा आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये मुलांच्या वाचनात सतत येणाऱ्या २२० शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यातून नामे मुद्दाम वगळली, कारण नामे विषयानुसार बदलतात, तर ‘द’, ‘ऑव्ह’, ‘वॉज’, ‘विथ’ यांसारखे शब्द कोणत्याही पानावर येतातच. पुढे एडवर्ड फ्राय यांनी १९५७ मध्ये आपली यादी मांडली आणि १९८० मध्ये ती सुधारली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे पहिल्या शंभर शब्दांनीच छापील इंग्रजी मजकुराचा जवळजवळ निम्मा भाग व्यापलेला असतो. तेव्हा हे शब्द मुलाला विनासायास वाचता यावेत, ही अपेक्षा योग्यच आहे. प्रश्न आहे तो ‘विनासायास’ वाचता येण्यापर्यंत मूल कोणत्या वाटेने पोहोचते, याचा. ती वाट मला ठाऊक आहे असे समजून मी कामाला लागलो होतो.

मी जाड कागदाची चाळीस कार्डे कापली, त्यांवर ठळक अक्षरांत शब्द लिहिले आणि रोज संध्याकाळी एकेक कार्ड दाखवून शब्द वदवून घेऊ लागलो. आला तर कार्ड उजवीकडे, नाही आला तर मी सांगायचे आणि कार्ड डावीकडे. सातव्या आठवड्याच्या अखेरीस चाळीसपैकी ३४ कार्डे उजवीकडे जात होती. मी समाधानी होतो. तिची आई मात्र म्हणाली, “कार्डांवर वाचते खरी, पण पुस्तकात हेच शब्द आले की माझ्याकडे बघते.” मी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुस्तकातली अक्षरे बारीक असतात, म्हणून अडत असेल, एवढेच मनाशी धरले.

नवे कार्ड

एका संध्याकाळी कार्डांच्या गठ्ठ्यावर पाणी सांडले आणि बरीच कार्डे भिजून शाई पसरली. मी चाळीसही कार्डे नव्याने लिहिली आणि नेहमीप्रमाणे दाखवायला बसलो. ‘सेड’चे कार्ड समोर धरले. एस-ए-आय-डी, माझेच हस्ताक्षर, तसेच ठळक. ती बराच वेळ कार्डाकडे पाहत राहिली, मग तिने ते हातात घेतले, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटे केले आणि म्हणाली, “बाबा, हे नाही. ‘सेड’ तर जांभळा असतो.”

जुने कार्ड कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहिले. डाव्या खालच्या कोपऱ्यात जांभळ्या रंगखडूचा नखाएवढा डाग होता. कधीतरी चित्र रंगवताना लागला असावा. सात आठवडे ते कार्ड मी रोज हातात धरत होतो, आणि तो डाग माझ्या नजरेत एकदाही भरला नव्हता. तिच्या दृष्टीने मात्र तोच ‘सेड’ होता. पुढे एकेक कार्ड पाहत गेलो तसा उलगडा होत गेला. ‘वन’च्या कार्डाचा कोपरा दुमडलेला होता. ‘लुक’मध्ये मधल्या दोन ओंना मी डोळे काढले होते, तेही तिला शब्द लक्षात राहावा म्हणून. ‘दे’ नेहमी ‘हू’नंतर येत असे, कारण मी गठ्ठा कधी नीट पिसतच नव्हतो. नव्या, कोऱ्या कार्डांवर आणि बदललेल्या क्रमाने तिने चाळीसपैकी फक्त ११ शब्द वाचले.

ही बाब नवी नव्हती, मलाच ती माहीत नव्हती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फिलिप गफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग अगदी हेच दाखवतो. वाचन न येणाऱ्या लहान मुलांना त्यांनी काही कार्डांवरून शब्द शिकवले आणि त्यांतील एका कार्डावर मुद्दाम अंगठ्याचा ठसा राहू दिला. ठशाच्या कार्डावरचा शब्द मुले चटकन शिकली, पण तोच शब्द ठशाविना समोर आला तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांना तो ओळखता आला नाही, आणि शब्द काढून नुसता ठसा दाखवला तेव्हा बहुतेकांनी तोच शब्द उच्चारला. मूल यात आळस किंवा लबाडी करत नसते. “हे कार्ड पाहून हा शब्द म्हण” असे सांगितल्यावर ते कार्डावरची सर्वांत सोपी खूण पकडते, आणि सहा वर्षांच्या मुलाला चार काळ्या अक्षरांपेक्षा एक जांभळा डाग सोपा वाटला तर त्यात त्याचे काय चुकले?

मला अधिक उद्बोधक वाटले ते तिला जमलेले ११ शब्द. मी ते वहीत उतरवून घेतले: इन, इट, अँड, कॅन, अप, रन, बिग, गेट, आय, गो, मी. यांतला एकही शब्द तिने ‘पाहून’ पाठ केलेला नव्हता. अक्षरांचे ध्वनी जोडून ते तिला वाचता येत होते, आणि अनेकदा जोडून जोडून आता न जोडताही येऊ लागले होते. म्हणजे जे शब्द खऱ्या अर्थाने पाहताक्षणी ओळखता येत होते, ते माझ्या कार्डांमुळे आलेच नव्हते.

साइट वर्ड म्हणजे नेमके काय

या ठिकाणी शब्दाच्या अर्थाचा घोळ दूर करणे आवश्यक आहे, कारण माझी चूक त्याच घोळातून झाली. पालकांच्या बोलण्यात साइट वर्ड म्हणजे ‘ध्वनींच्या नियमात न बसणारा, म्हणून पाठच करावा लागणारा शब्द’. वाचनाच्या अभ्यासकांमध्ये, विशेषतः लिनिया एरी यांच्या मांडणीत, साइट वर्ड म्हणजे वाचकाला स्मरणातून क्षणात ओळखता येणारा कोणताही शब्द, मग तो नियमाने चालणारा असो वा नसो. मोठ्या माणसाच्या बाबतीत त्याने वाचलेले जवळजवळ सगळेच शब्द साइट वर्ड असतात. आणि ते स्मरणात राहतात ते शब्दाचे चित्र म्हणून नव्हे. शब्दातील एकेक ध्वनी आणि तो दाखवणारे अक्षर किंवा अक्षरांची जोडी यांची एकमेकांशी गाठ बसते, त्या गाठीसह उच्चार आणि अर्थ बांधला जातो, आणि मग तो शब्द सुटत नाही. गाठ बसवायची असेल तर मुलाला शब्दातले ध्वनी वेगळे ऐकू यावे लागतात आणि अक्षरांचे ध्वनी माहीत असावे लागतात. या दोन गोष्टी नसताना कार्डे दाखवत राहणे म्हणजे पाया न घालता भिंत उभी करणे होय.

वाचनाचे अभ्यासक डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये मांडलेला विचारही याला जोडूनच आहे: मूल एखादा शब्द स्वतः ध्वनी जोडून योग्य रीतीने वाचते, तेव्हा दरवेळी ते स्वतःलाच तो शब्द शिकवत असते, आणि अशा थोड्याच यशस्वी वाचनांनंतर तो शब्द जोडावा लागत नाही. हे कळल्यावर मला माझी पूर्वीची संध्याकाळ आठवली. ती एखाद्या शब्दावर थांबली की दोन सेकंदांत मी तो सांगून टाकत असे. मदत म्हणून. खरे तर तिची शिकण्याची संधी मी हिरावून घेत होतो.

चाळीस शब्दांची फोड

आता यादी घेऊन मी एकटाच बसलो आणि तिचे तीन भाग केले. पहिल्या भागात तिला माहीत असलेल्या ध्वनींनी पूर्ण वाचता येतील असे १७ शब्द निघाले, म्हणजे आधीच येत असलेले ११ आणि आणखी सहा, जे तिला यायलाच हवे होते पण मी कार्डाच्या घाईत तिला जोडू दिले नव्हते. दुसऱ्या भागात नियमाने चालणारे, पण तो नियम अजून तिने न शिकलेले असे १४ शब्द होते: ‘प्ले’, ‘सॉ’, ‘डाउन’, ‘विथ’, ‘लाइक’, ‘हॅव्ह’ वगैरे. ‘हॅव्ह’च्या शेवटी ई का, हा प्रश्न तिने मला आधी एकदा विचारला होता आणि मी “ते तसंच असतं” असे म्हणून तिला गप्प केले होते. उत्तर साधे आहे: इंग्रजी शब्द सहसा व्ही या अक्षरावर संपत नाहीत, म्हणून व्हीच्या मागे एक मुका ई उभा केला जातो. ‘गिव्ह’, ‘लिव्ह’, ‘लव्ह’ येथे तेच होते. हे तिला सांगितले तेव्हा ती पुस्तकात असे शब्द शोधत बसली.

तिसऱ्या भागात खरोखर वेगळे वागणारे नऊच शब्द उरले: द, सेड, वॉज, ऑव्ह, वन, टू (दोन या अर्थाचा), दे, हू, कम. म्हणजे ज्या यादीला मी ‘पाठांतराचे चाळीस शब्द’ समजत होतो, तीत अडचणीचे शब्द चौथ्या हिश्शाहूनही कमी होते. आणि या नऊ शब्दांतही प्रत्येक अक्षर आडमुठे नव्हतेच. ‘वॉज’मधला डब्ल्यू सरळ आहे. मधला ए ‘ऑ’ बोलतो, पण डब्ल्यूच्या पाठोपाठ येणारा ए असा ‘ऑ’ अनेकदा बोलतो. ‘वॉन्ट’, ‘वॉश’, ‘वॉच’ पाहा. शेवटचा एस आपल्या ‘जाड’ या शब्दातील ज च्या जवळचा ध्वनी देतो, आणि तो तसा ‘इज’, ‘हॅज’, ‘हिज’ यांतही देतोच. याउलट ‘ऑव्ह’मधील एफ असा ‘व्ह’ बोलतो, असा दुसरा नेहमीच्या वापरातला शब्द सापडत नाही.

या फोडीत मराठी घराची एक वेगळी बाजू पुढे आली, आणि ती कोणत्याही यादीत लिहिलेली नसते. ‘सेड’ला इंग्रजीत विचित्र मानतात, कारण ए-आय ही जोडी ‘रेन’ आणि ‘टेल’मध्ये लांब स्वर देते आणि ‘सेड’मध्ये आखूड. आमच्या घरच्या उच्चारात मात्र हा फरक जवळजवळ नाहीच, कारण मराठीत ए ऱ्हस्व-दीर्घ असा वेगळा लिहिला जात नाही. मुलीने ‘सेड’ हा शब्द ध्वनींत फोडला तेव्हा मधला ए तिने सहजपणे ‘रेन’मधल्या ए-आयशी जोडला. ज्या शब्दासाठी तिला जांभळ्या डागाचा आधार घ्यावा लागला होता, तो तिच्या जिभेला मुळात सोपाच होता! मी तिला इतकेच सांगितले की बोलताना हा ए जरा आखूड करायचा. ‘ऑव्ह’ची गोष्ट याच्या उलट. तिची आजी तो ‘ऑफ’ असा उच्चारते, शाळेतल्या बाई ‘ऑव्ह’ म्हणतात, आणि ओ-एफ-एफ असा खरा ‘ऑफ’ वेगळाच आहे. घरात आम्ही सगळ्यांनी एकच उच्चार धरायचे ठरवले. आजीने तो मनापासून पाळला. मुलाच्या कानावर एक उच्चार आणि डोळ्यांपुढे दुसरे अक्षर अशी ओढाताण असेल, तर गाठ बसणार कशी?

कार्डाआधी कान

नव्या पद्धतीत कार्ड सर्वांत शेवटी येऊ लागले. आधी शब्द बोलायचा, तोही वाक्यात. याचे कारण ‘द’, ‘ऑव्ह’, ‘इन’, ‘वॉज’ या शब्दांचे चित्र काढता येत नाही, आणि मराठी मुलाला तर ते सुटे शब्द म्हणून भेटतच नाहीत. ‘इन द बॉक्स’मधला ‘इन’ मराठीत ‘पेटीत’ या शब्दाच्या शेवटी त होऊन चिकटतो, ‘ऑव्ह’ हा ‘मांजराची शेपटी’मधल्या ‘ची’त विरघळलेला असतो, आणि ‘द’ला तर मराठीत प्रतिशब्दच नाही. सहा वर्षांच्या मुलीला मी एक शब्द दाखवून “हा ‘ऑव्ह’” म्हणत होतो, तेव्हा तिला तो अर्थाशिवायचा आवाज होता. म्हणून आम्ही घरभर फिरून तोंडी खेळ केला: दाराची कडी, बाबांचा चष्मा, पुस्तकाचे पान, आणि प्रत्येक वेळी तेच इंग्रजीत, ‘ऑव्ह’वर किंचित जोर देऊन. चार-पाच दिवसांनी ती आपणहून असे शब्दप्रयोग जुळवू लागली. त्यानंतरच कागद काढला.

कागदावर शब्दाच्या ध्वनींइतके चौकोन आखायचे. ही युक्ती सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ दानिल एल्कोनिन यांच्या नावाने ओळखली जाते. आमच्याकडे शर्टाची जुनी बटणे होती. ‘सेड’ हळू म्हणत तिने तीन बटणे तीन चौकोनांत सरकवली: स्, ए, ड्. येथे मराठी वाचनाची सवय आड येत होती, कारण मराठी अक्षरात अ मिसळलेलाच असतो आणि त्यामुळे ती ‘स-ए-ड’ म्हणत असे, ज्यातून शब्द जुळत नसे. पण तिला पाय मोडलेले अक्षर ठाऊक होते. “स चा पाय मोडून म्हण,” असे सांगितल्यावर तिला लगेच समजले. हे समजावण्यासाठी इंग्रजीतून कितीही बोललो असतो तरी ते इतक्या लवकर उमगले नसते.

मग बटण उचलून त्याच्या जागी अक्षर लिहायचे. पहिल्या चौकोनात एस. तिसऱ्यात डी. मधल्या चौकोनात तिने ए लिहिला आणि ती थांबली. मी आय पण तिथेच लिहायला सांगितला. दोन अक्षरे एकाच चौकोनात दाटीने बसली. ती म्हणाली, “दोघं मिळून एकच बोलतात.” तो आय तिने इतका बारीक काढला होता की तो ए च्या खांद्याला टेकला होता. मी तिला तो नीट काढायला लावला नाही. शब्दाचा जो भाग अपेक्षेप्रमाणे बोलत नाही, त्याखाली ती पेन्सिलीने एक रेघ ओढी, आणि बाकीचे अक्षर नेहमीसारखेच आहे, हे बोटाने दाखवी. ‘वन’मध्ये मात्र रेघ जवळजवळ सगळ्या शब्दाखाली आली, आणि “याला फार लक्षात ठेवावं लागेल” हा निष्कर्ष तिचा तिनेच काढला.

कार्डे राहिली, पण नियम बदलले. एक कार्ड एका आठवड्याहून जास्त ठेवायचे नाही. दर आठवड्याला नवे कार्ड, आणि ते कधी मी, कधी आई, कधी आजी, कधी ती स्वतः लिहिणार. शाई कधी निळी, कधी काळी, कागद हाताला येईल तो. म्हणजे कार्डावरची एकच गोष्ट कायम राहील, ती म्हणजे अक्षरे. आठवड्याला नवे शब्द तीनच आणि एका बैठकीला आठ-दहा मिनिटे, त्याहून अधिक नाही. ती कंटाळलेली दिसली तर तेवढीही नाही.

वॉज आणि सॉ

नव्या पद्धतीच्या चौथ्या आठवड्यात मी पुन्हा एक चूक केली. ‘वॉज’ आणि ‘सॉ’ हे शब्द तीच तीन अक्षरे उलट क्रमाने लिहून होतात, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवला तर चांगले समजेल, असे मला वाटले. झाले उलटेच. त्याआधी बऱ्यापैकी येणारा ‘वॉज’ही ती ‘सॉ’ वाचू लागली, आणि दोन दिवसांनी तिने दोन्ही कार्डांना हात लावणे सोडले.

डावी-उजवी बाजू बदलली तरी वस्तू तीच राहते, हे मेंदू वाचनाच्या कितीतरी आधी शिकलेला असतो; पेला उजवीकडून पाहिला काय किंवा डावीकडून, पेलाच असतो. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहाएन यांनी याकडे विशेष लक्ष वेधले आहे: वाचन शिकताना मुलाला ही उपयोगी सवय अक्षरांपुरती मोडावी लागते. म्हणून बी आणि डी यांची अदलाबदल या वयात सर्रास आढळते, आणि एवढ्यावरून मुलाला दोष असल्याचे समजणे बरोबर नाही.

मी ‘सॉ’ बाजूला ठेवला. तीन आठवडे फक्त ‘वॉज’ घेतला, प्रत्येक वेळी पहिल्या अक्षराखाली बोट ठेवून आणि व्चा ध्वनी ओठांवर आल्याशिवाय पुढे न जाता. ‘वॉज’ पक्का झाल्यावर ‘सॉ’ आणला, तोही ‘ड्रॉ’ आणि ‘पॉ’ यांच्या सोबतीने, ए-डब्ल्यू या जोडीचा शब्द म्हणून. तेव्हा गोंधळ फार झाला नाही. सारखे दिसणारे शब्द एकत्र शिकवू नयेत, एक पक्का होईपर्यंत दुसरा थांबवावा, हे मला तिच्या त्या दोन रुसलेल्या दिवसांनी शिकवले.

याच सुमारास मोबाइलवर वेळ लावून “एका मिनिटात किती?” असा खेळही मी दोन दिवस खेळून पाहिला. ती पहिले अक्षर पाहून अंदाजाने शब्द फेकू लागली. खेळ तिथेच बंद केला. वेग हा गाठ बसल्यानंतर आपोआप येतो, असे माझे निरीक्षण आहे, आणि तो आधी मागितला की मूल अंदाजाकडे वळते.

पानावर

दर आठवड्याचे तीन शब्द आणि आधी आलेले शब्द वापरून मी पाच-सहा वाक्यांचे एक पान लिहीत असे. विषय ती सांगायची. बहुधा एक कुत्रा आणि एक हरवलेली चप्पल. त्या पानात ‘वॉज’ सात वेळा येई, ‘ऑव्ह’ पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या शेजारात. ती अडली की मी शब्द सांगत नसे. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजत असे, मग “पहिला ध्वनी कोणता?” इतकेच विचारत असे. थांबणे मला फार जड गेले, हे कबूल केले पाहिजे. शेजारी बसलेल्या बापाला मुलीच्या शांततेतले पाच अंक फार लांब वाटतात. पण त्याच शांततेत तिचे ओठ हलताना दिसत, आणि शब्द बाहेर येई.

छापील पुस्तकातील चित्रावरून अंदाज बांधण्याची तिची सवय मात्र सावकाश गेली. ‘होम’ असे छापलेले असताना चित्रातले घर पाहून ती ‘हाउस’ म्हणे. तिने अर्थ बरोबर पकडला आहे, याचे कौतुक करून मी मधल्या एम या अक्षराकडे बोट नेत असे. ती पुन्हा पाही. यापेक्षा अधिक काही केले नाही.

चौदाव्या आठवड्याअखेर

नव्या पद्धतीच्या चौदाव्या आठवड्याच्या शेवटी आम्ही चाळीसही शब्द कोऱ्या कागदावर, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आणि पिसलेल्या क्रमाने घेतले. ३६ शब्द तिने न थांबता वाचले. ‘हू’, ‘दे’, ‘डाउन’ आणि दोन या अर्थाचा ‘टू’ अडले. त्यांपैकी ‘डाउन’ तिने जरा वेळाने जोडून वाचला. माझ्या दृष्टीने या आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की कार्डावर येणारा शब्द आता पानावरही येत होता. अर्थात यातले किती आमच्या पद्धतीमुळे, किती शाळेत त्याच काळात शिकवलेल्या फोनिक्समुळे (अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवण्याची पद्धत) आणि किती निव्वळ चार-पाच महिने वय वाढल्यामुळे, हे एका मुलीच्या नोंदीवरून वेगळे काढता येणार नाही. शिवाय तिला अक्षरांचे ध्वनी आधीच येत होते. ज्या मुलाला ते येत नाहीत, त्याच्यासाठी सुरुवात यादीपासून नव्हे, ध्वनींपासूनच करावी लागेल. आणि अशा संथ, नियमित सरावानंतरही ज्या मुलाची काहीच प्रगती दिसत नाही, विशेषतः घरात आणखी कोणाला वाचनाची अडचण आलेली असेल, तर पालकांनी कार्डांची संख्या न वाढवता तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

वहीतली शेवटची नोंद एका नव्या गोष्टीच्या पुस्तकाची आहे. पहिल्याच ओळीतला पहिला शब्द, ओ-एन-सी-ई, तिला कोणी शिकवलेला नव्हता. तिने आधी ‘ऑन्क’ म्हणून पाहिले, मान हलवली, मग सी झाकून उरलेल्या अक्षरांकडे पाहिले. “बाबा, हा ‘वन’सारखा दिसतोय,” असे म्हणून तिने बोट काढले आणि सावकाश ‘वन्स’ असे वाचले. मग तिने पेन्सिल मागितली, आणि त्या शब्दाखाली, पुस्तकातच, जवळजवळ पूर्ण लांबीची एक रेघ ओढली. ‘हू’ अजून अडतो. त्याचे या आठवड्याचे कार्ड आजीने लिहिले आहे.